बँडचा आवाज, स्वतःचे नाव
'लूना सी'चे गायक ऱ्युइची कावामुरा यांच्या एकल वाटचालीने जपानी रॉकला काय शिकवले?

२२ नोव्हेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'लव्ह' या नावाचा एक अल्बम प्रसिद्ध झाला. गायक होते ऱ्युइची कावामुरा. जपानमधील संगीतविक्रीची नोंद ठेवणाऱ्या ओरिकॉनच्या आकड्यांनुसार या अल्बमच्या सुमारे २८ लाख प्रती खपल्या. पुरुष एकल गायकांच्या अल्बमांपैकी जपानमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम म्हणून आजही त्याचेच नाव घेतले जाते. गाणी बहुतांशी प्रेमाची, संथ लयीची, पियानो आणि तंतुवाद्यांच्या साथीने सजलेली होती. घरी ऐकावीत, कॅराओकेच्या खोलीत मित्रांसमोर म्हणावीत, अशी.

गायक मात्र नवखा नव्हता. वर्षभरापूर्वीपर्यंत हेच कावामुरा 'लूना सी' या रॉक बँडच्या अग्रभागी उभे राहून दोन गिटारींच्या गर्जनेवर मात करणारा आवाज लावत होते. तेव्हा त्यांचे नाव रोमन लिपीतील ठळक अक्षरांत नुसते 'ऱ्युइची' असे लिहिले जाई. 'लव्ह'वर मात्र आडनावासह पूर्ण नाव होते आणि तेही कांजी लिपीत, जसे ते शाळेच्या हजेरीपटावर किंवा घराच्या पाटीवर असते. बँडच्या चाहत्यांपैकी अनेकांना हा बदल रुचला नाही. आपला गायक आपल्यापासून हिरावला गेला, अशी त्यांची भावना झाली. त्याच वेळी, ज्यांनी लूना सीचे एकही गाणे ऐकले नव्हते अशा लाखो घरांत हा आवाज पोहोचला.

रॉक बँडचा गायक एकल पॉप गायक होतो तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला केवळ पेहराव आणि चाल बदललेली दिसते. प्रत्यक्षात त्याहून मूलगामी काही घडत असते. गाणे कोणाचे, आवाज कोणाचा आणि परत यायचे झाल्यास कोणाकडे, हे तिन्ही प्रश्न नव्याने उभे राहतात. कावामुरा यांच्या वाटचालीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे स्पष्टपणे पाहता येतात.

पाच जणांचे एक गाणे

टोकियोला लागून असलेल्या कानागावा प्रांतातील काही तरुणांनी लूना सी उभा केला. बेस गिटार वाजवणारे जे आणि गिटारवादक इनोरान हे शाळेपासूनचे मित्र. १९८६ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या बँडचे मूळ नाव 'लुनसी', म्हणजे वेड, असे होते. १९८९ मध्ये गायक ऱ्युइची, गिटार आणि व्हायोलिन वाजवणारे सुगिझो आणि ड्रमवादक शिन्या त्यात आले आणि पाच जणांचा हा संच पक्का झाला. पुढे नावाचे स्पेलिंग बदलून त्याचा अर्थ चंद्र आणि समुद्र यांच्याकडे वळवण्यात आला.

१९९१ मध्ये त्यांचा पहिला अल्बम 'एक्स' या बँडचे प्रमुख योशिकी यांच्या 'एक्स्टसी रेकॉर्ड्स' या स्वतंत्र कंपनीतून निघाला. पुढच्याच वर्षी 'इमेज' हा अल्बम मोठ्या कंपनीतून आला. त्या काळात जपानमध्ये 'व्हिज्युअल केई' म्हणून ओळखली जाणारी धाटणी जोरात होती. गडद रंगभूषा, उंच उभारलेले केस, नाटकी वेशभूषा आणि त्यासोबत वेगवान, काळोखी रॉक संगीत अशी तिची ओळख. लूना सी याच परंपरेत वाढला. १९९४ मधील 'ट्रू ब्लू' हे त्यांचे विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले पहिले सिंगल. त्याच वर्षी 'मदर' हा अल्बम आला. डिसेंबर १९९५ मध्ये त्यांनी टोकियो डोम या भव्य बंदिस्त क्रीडागारात पहिल्यांदा मैफल केली आणि १९९६ मध्ये 'स्टाइल' प्रसिद्ध झाला.

या बँडची एक पद्धत पुढचे सारे समजून घेण्यासाठी महत्त्वाची आहे. लूना सीच्या गाण्यांवर गीतकार आणि संगीतकार म्हणून एका व्यक्तीचे नाव नसते, तेथे बँडचेच नाव असते. मूळ कल्पना कोणी तरी एक सदस्य आणतो, पण पाचही जण तिच्यावर काम करतात आणि शेवटी ती सर्वांची होते. गाणे गाजले तर श्रेय पाचांचे आणि पडले तर अपयशही पाचांचे. या पद्धतीमुळे बँडमधील भांडणांचे एक मोठे कारण आपोआप टळते. मात्र त्याची किंमतही असते. यातील नेमके आपले किती, हे कोणालाच स्वतःपुरतेही सिद्ध करता येत नाही. गिटारवादकाला आपला हात ओळखीचा असतो. गायकाची अडचण अधिक सूक्ष्म असते. लोक त्याच्या आवाजावरून बँड ओळखतात, पण त्या आवाजाने काय म्हणावे हे ठरवणारा तो एकटा नसतो.

विरामाचे वर्ष

डिसेंबर १९९६ मध्ये योकोहामाच्या खुल्या स्टेडियमवर ऐन हिवाळ्यात मैफल करून लूना सीने काम थांबवले. बँड फुटला नव्हता. १९९७ हे वर्ष प्रत्येकाने स्वतःच्या कामासाठी वापरावे आणि मग पुन्हा एकत्र यावे, असे ठरले होते.

त्या एका वर्षात पाच जणांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना वळली. जे यांनी 'पायरोमॅनिया' या अल्बमात रांगडा, सरळ रॉक मांडला. सुगिझो यांचा 'ट्रुथ?' इलेक्ट्रॉनिक नादांच्या प्रयोगांकडे झुकला. इनोरान यांनीही स्वतःचे काम पुढे आणले. एकाच बँडमध्ये किती वेगवेगळ्या आवडीनिवडी एकमेकींना धरून होत्या, हे तेव्हाच उघड झाले. कावामुरा यांनी निवडलेली वाट त्या सगळ्यांत सर्वांत अनपेक्षित होती, कारण ती सर्वांत ओळखीची होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये 'आय लव्ह यू' हे त्यांचे पहिले सिंगल आले आणि एप्रिलमध्ये 'ग्लास'. गडद रंगभूषा मागे पडली. दूरचित्रवाणीवर मऊ आवाजात बोलणारा, हसतमुख गायक दिसू लागला.

प्रयोगशील रॉक संगीतकाराने आणखी प्रयोग केले तर त्याचे चाहते सहसा तक्रार करत नाहीत. तो लोकप्रिय प्रेमगीतांकडे वळला, की मात्र त्याने तडजोड केली असे म्हटले जाते. या तक्रारीमागे एक गृहीतक असते. रॉक हे मनापासून केलेले आणि पॉप हे बाजारासाठी केलेले, असे ते गृहीतक. 'लव्ह'ची गाणी ऐकताना ते टिकत नाही. हा अल्बम कावामुरा यांनी प्रामुख्याने स्वतः लिहिलेल्या आणि स्वतः चाली बांधलेल्या गाण्यांवर उभा आहे. ज्याच्या नावावर आजवर एकही गाणे एकट्याचे नव्हते, त्याने पहिल्यांदाच शब्द, सूर आणि आवाज यांची जबाबदारी एकट्याने घेतली. ते गाणे गोड निघाले, म्हणून ते खोटे ठरत नाही.

आवाज कसा बदलला

चाहत्यांची खरी तक्रार गाण्यांच्या विषयाइतकीच आवाजाविषयी होती आणि ती निराधार नव्हती. आवाज खरोखरच बदलला होता. तो का बदलला, हे समजून घेण्याजोगे आहे.

रॉक बँडमध्ये गायकाला दोन विद्युत गिटारी, बेस आणि ड्रम यांच्या दाट नादातून वाट काढावी लागते. गिटारींचा नाद बराचसा माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात पसरलेला असतो. तेव्हा ऐकू येण्यासाठी गायक स्वराची सुरुवात जोरकस करतो, स्वर आवळून ठेवतो, वरच्या सुरांत ताण आणतो आणि प्रसंगी किंचाळतोही. सुरातला बारीक कंप, श्वासाची चाहूल, शब्दाच्या शेवटी आवाज हळूच सोडून देणे, हे सारे त्या गर्दीत हरवते. लूना सीच्या सुरुवातीच्या अल्बमांतील कावामुरा यांचा आवाज असाच धारदार आणि ताणलेला आहे. त्या ताणातच त्या गाण्यांची बेचैनी होती.

पियानो आणि तंतुवाद्यांच्या साथीत परिस्थिती उलटते. मधली जागा गायकासाठी मोकळी सोडलेली असते. तेथे ओरडण्याची गरज उरत नाही आणि प्रत्येक बारकावा ऐकू येतो, त्यामुळे दोषही लपत नाहीत. जपानी भाषेत बहुतेक अक्षरे स्वरान्त असतात, म्हणून ओळीच्या शेवटी स्वर लांबवायला भरपूर वाव मिळतो. कावामुरा यांनी या मोकळ्या जागेत छातीतून येणारा भरदार नाद, लांबवलेले स्वर आणि त्यांवर ठळक कंप अशी स्वतःची शैली घडवली. ती इतकी ठळक होती, की नकलाकारांनाही ती चटकन उचलता येऊ लागली. ज्याची नक्कल होते त्याचा आवाज लोकांच्या कानात बसला, असे खुशाल समजावे.

पुढच्या काळात त्यांनी ध्वनिक्षेपक आणि स्पीकर यांच्याशिवाय सभागृहांत गाण्याचे कार्यक्रमही केले. संगीतिकांच्या रंगमंचावरही ते आले. 'शिकागो' या प्रसिद्ध संगीतिकेच्या २०१० मधील जपानी प्रयोगांत त्यांनी बिली फ्लिन या वकिलाची भूमिका केली. केवळ विक्रीसाठी आवाज मऊ केला असता, तर यंत्राची मदत नाकारून गाण्याच्या फंदात कोणी पडले नसते. १९९७ मध्ये सुरू झालेला हा शोध आवाज या साधनाचाच होता.

बाजाराची भरती

तरीही 'लव्ह'च्या यशाचे सारे श्रेय कलेला देणे भाबडेपणाचे ठरेल. काळ अनुकूल होता. जपानमध्ये सीडीची विक्री १९९८ मध्ये शिखरावर पोहोचली आणि 'लव्ह' त्या भरतीच्या ऐन वरच्या टप्प्यात आला. तेव्हा सिंगल आठ सेंटिमीटर व्यासाच्या छोट्या सीडीवर मिळे. शाळकरी मुलांनाही ते खिशातल्या पैशांत घेता येई. दूरचित्रवाणी मालिकांची शीर्षकगीते आणि जाहिरातींतील गाणी हे नव्या गाण्याच्या प्रसाराचे मोठे साधन होते. त्याला कॅराओकेची जोड होती.

कॅराओकेचा परिणाम विशेष आहे. जे गाणे सामान्य माणसाला म्हणता येते ते जास्त दिवस जगते. लूना सीची वेगवान, वरच्या सुरांतील गाणी म्हणणे अवघड होते. कावामुरा यांची एकल गाणीही सोपी नव्हती, पण त्यांची चाल धरता येई आणि प्रेमाचे शब्द स्वतःचे म्हणून म्हणता येत. रॉकचे गाणे बहुधा ऐकण्यासाठी विकत घेतले जाते. पॉपचे गाणे म्हणण्यासाठीही घेतले जाते.

अर्थकारणाची आणखी एक बाजू आहे. गीत आणि संगीत यांचे मानधन ज्याच्या नावावर नोंद असेल त्याला मिळते. बँडच्या नावाने नोंदलेल्या गाण्यात वाटेकरी पाच असतात, स्वतःच्या नावाने लिहिलेल्या गाण्यात एक. गायक एकल वाटेवर गेल्यावर बँडमध्ये जी कुजबुज सुरू होते तिच्या मुळाशी पुष्कळदा हा हिशेब असतो. एका सदस्याच्या अल्बमचा खप बँडच्या कोणत्याही अल्बमपेक्षा कितीतरी अधिक झाल्यावर उरलेल्या चौघांसमोर आणि त्याच्या स्वतःसमोरही कोणता प्रश्न उभा राहिला असेल, हे सांगायला नको. परत यायचे ते कशासाठी?

३१ डिसेंबर १९९७ ची रात्र या दृष्टीने बोलकी आहे. जपानची सार्वजनिक प्रसारणसंस्था एनएचके दरवर्षी वर्षाच्या अखेरच्या रात्री 'कोहाकु उता गास्सेन' हा गाण्यांचा कार्यक्रम दाखवते. त्यात निमंत्रण मिळणे म्हणजे घराघरांत मान्यता मिळणे. त्या वर्षी कावामुरा या कार्यक्रमात एकल गायक म्हणून आले. त्याच दिवशी टोकियो डोममध्ये 'एक्स जपान'ने आपली अखेरची मैफल केली आणि त्याच रात्री तो बँडही कोहाकुच्या मंचावर गायला. लूना सीला पहिला आधार देणारा बँड संपत होता आणि लूना सीचा गायक पॉपच्या उंबरठ्यावर उभा होता. बँडचा शेवट आणि गायकाचा नवा आरंभ एकाच कार्यक्रमात शेजारी येऊन बसले होते.

दुसऱ्यांनी निवडलेल्या वाटा

जपानी रॉकमध्ये गायकाने एकट्याने निघणे नवे नव्हते. मात्र बहुतेकांची वाट कावामुरा यांच्यापेक्षा वेगळी होती.

क्योसुके हिमुरो यांचे उदाहरण सर्वांत परिचित आहे. ऐंशीच्या दशकात 'बोई' या बँडने जपानी रॉकला मुख्य प्रवाहात आणले. लोकप्रियतेच्या शिखरावर असताना, २४ डिसेंबर १९८७ रोजी, टोकियोतील शिबुया येथील मैफलीत हिमुरो यांनी बँड थांबत असल्याचे सांगितले. एप्रिल १९८८ मध्ये टोकियो डोममधील दोन मैफलींनी बोईचा शेवट झाला आणि त्याच वर्षी हिमुरो यांचे 'एंजल' हे पहिले एकल सिंगल आले. येथे एकल वाट बँडच्या समाप्तीनंतर सुरू होते. मागे परतायला घरच उरलेले नसते, म्हणून तुलनाही आठवणींशीच होते.

'ज्युडी अँड मेरी' या बँडच्या गायिका युकी यांचेही तसेच. मार्च २००१ मध्ये टोकियो डोममधील मैफलीनंतर बँड विसर्जित झाला आणि २००२ मध्ये युकी यांनी एकल गायिका म्हणून पदार्पण केले. बँडची खोडकर, उड्या मारणारी प्रतिमा त्यांनी लगेच पॉपमध्ये आणली नाही. सुरुवातीची त्यांची गाणी काहीशी आडवळणाची होती. नृत्याच्या तालावरचे 'जॉय' हे गाणे आले तोवर २००५ उजाडले होते.

गॅक्ट यांनी तिसरी वाट घेतली. व्हिज्युअल केईतील 'मालिस मिझर' या बँडमधून ते १९९९ च्या आरंभी बाहेर पडले आणि त्याच वर्षी एकल गायक म्हणून उभे राहिले. त्यांच्यामागे बँड चालूच राहिला. या वाटेत कटुतेची शक्यता सर्वाधिक असते, कारण एका बाजूला गायकाविना बँड आणि दुसऱ्या बाजूला बँडविना गायक, दोघांनाही आपण पूर्ण आहोत हे सिद्ध करावे लागते.

कावामुरा यांची वाट या तिन्हींहून निराळी. ते निघाले तेव्हा परतण्याचे ठरलेले होते. वरवर पाहता ही सर्वांत सुरक्षित वाट. प्रत्यक्षात ती अवघड असते, कारण येथे दोन्ही आवाज एकाच वेळी जिवंत राहतात. श्रोता एका गायकाला दुसऱ्याच्या मापाने मोजत राहतो, आणि दोघे एकच असतात.

परतल्यानंतर

१९९८ मध्ये लूना सी पुन्हा एकत्र आला. एप्रिलमध्ये 'स्टॉर्म', नंतर 'शाइन' आणि जुलैमध्ये 'आय फॉर यू' अशी सिंगल आली. त्याच महिन्यात 'शाइन' याच नावाचा अल्बमही आला. 'आय फॉर यू' हे फुजी टीव्हीवरील 'कामिसामा, मोउ सुकोशी दाके' या मालिकेचे शीर्षकगीत झाले. एचआयव्हीची लागण झालेल्या एका शाळकरी मुलीची ती कथा होती. गाणे संथ होते, आर्त होते. कावामुरा यांनी एकल वाटेवर कमावलेला भरदार आणि कंपयुक्त आवाज या गाण्यात बँडच्या गिटारींसोबत उभा राहिला.

जुन्या चाहत्यांपैकी काहींना यात तोटाच दिसला. 'मदर' आणि 'स्टाइल'मधील आवळलेला, काठावर उभा असलेला आवाज परत आला नव्हता. वेगवान गाण्यांतही स्वर आता गोलाई घेऊन येत होते. कावामुरा परत आले, पण ऱ्युइची आले नाहीत, अशी ती खंत होती. ही खंत समजण्याजोगी आहे. श्रोता एखाद्या आवाजाभोवती आपल्या आयुष्यातील काही वर्षे गुंडाळून ठेवतो. आवाज बदलला, की ती वर्षेही आपल्या हातून निसटल्यासारखी वाटतात. पण गायकाकडून त्याच वयाचा तोच गळा मागणे म्हणजे त्याला छायाचित्र होण्याचा आग्रह करणे आहे. गळा हा शरीराचा भाग आहे. तो शिकतो, थकतो, बदलतो.

बँडपुढची अडचणही तेवढीच खरी होती. पाचही जण वर्षभर आपापल्या मनाप्रमाणे काम करून आले होते. स्वतःचे शेवटचे म्हणणे कसे असते, हे प्रत्येकाने अनुभवले होते. आता पुन्हा एकेक कल्पना पाच जणांच्या हातांतून जाऊ द्यायची होती. मे १९९९ मध्ये टोकियोच्या किनाऱ्यावरील मोकळ्या जागेत एक लाख श्रोत्यांसाठी मैफल ठरली असता, काही दिवस आधी वादळी वाऱ्याने प्रचंड रंगमंच कोसळला. त्या अवशेषांनाच पार्श्वभूमी करून लूना सीने ठरल्या दिवशी मैफल केली. बँड म्हणून त्यांची जिद्द शाबूत होती. तरीही २००० मध्ये 'लुनसी' हा अल्बम काढून, डिसेंबरच्या २६ आणि २७ तारखांना टोकियो डोममध्ये गाऊन, त्यांनी पडदा पाडला. 'विसर्जन' हा शब्द टाळून त्यांनी 'शूमाकु' म्हणजे 'अंतिम पडदा' असा शब्द वापरला.

एकल वाटचालीमुळे बँड संपला, असा सरधोपट निष्कर्ष येथे काढला जातो. घटनाक्रम तसे सांगत नाही. विरामानंतर बँड जवळजवळ तीन वर्षे जोमाने चालला. शिवाय पडदा कायमचा पडलाही नाही. २४ डिसेंबर २००७ रोजी एका रात्रीपुरते पाचही जण टोकियो डोममध्ये एकत्र आले. २०१० मध्ये हाँगकाँग येथे त्यांनी पुन्हा सुरुवात करत असल्याचे जाहीर केले. या वेळी कोणालाही स्वतःचे काम सोडावे लागले नाही. एकल अल्बम आणि बँडचे अल्बम शेजारी शेजारी निघू लागले. १९९७ मध्ये जे धक्कादायक वाटले होते ते आता बँडच्या घडीचाच भाग झाले होते. सगळी भूक एकाच ताटात भागवण्याचा हट्ट सुटला, तेव्हा एकत्र बसणे सोपे झाले.

गळ्याची परीक्षा

पुढे प्रश्न शैलीपुरता उरला नाही. जानेवारी २०१९ मध्ये कावामुरा यांच्यावर फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. आजार सुरुवातीच्या अवस्थेत सापडला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये लूना सीचा 'क्रॉस' हा अल्बम आला. 'यू टू' या बँडसोबतच्या कामासाठी नावाजलेले ब्रिटिश निर्माते स्टीव्ह लिलीव्हाइट त्याच्या निर्मितीत सहभागी होते. २०२२ च्या आरंभी कावामुरा यांच्या स्वरतंतूंवरही शस्त्रक्रिया झाली. ऑगस्टमध्ये टोकियोच्या निप्पोन बुदोकान सभागृहात ते बँडसह पुन्हा उभे राहिले.

ज्या आवाजाच्या बदलावरून एकेकाळी वाद झाला तो आवाज राहतो की जातो, असा प्रसंग आल्यावर जुन्या वादांचे स्वरूप आपोआप बदलते. १९९४ मधला गळा परत मिळत नाही, याची खंत करणाऱ्यांनाही आता आहे तो गळा मोलाचा वाटू लागतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये लूना सीने 'मदर' आणि 'स्टाइल' हे दोन्ही अल्बम नव्याने ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केले. हे दोन्ही अल्बम एकल वाटचालीच्या आधीचे, चाहत्यांनी ज्या आवाजाची आठवण जपली त्या आवाजाचे. ते पुन्हा गाताना कावामुरा यांनी तरुणपणच्या ऱ्युइचीची नक्कल केली नाही. प्रेमगीतांनी, संगीतिकांनी, ध्वनिक्षेपकाविना गायलेल्या सभागृहांनी आणि दोन शस्त्रक्रियांनी घडवलेला गळाच त्यांनी त्या गाण्यांना दिला. गाण्यांवर श्रेय पूर्वीप्रमाणेच बँडच्या नावाने आहे. स्वतःच्या नावाने गाऊन झालेला माणूस पाच जणांच्या नावाने पुन्हा गातो, तेव्हा ते गाणे पहिल्यासारखे राहत नाही. ते तसे राहावे, अशी अपेक्षा धरणेही रास्त नाही.